होचाच्या देवळाची किल्ली कोणाकडे द्यायची? : एक खुले पत्र

प्रति,
संस्कृती मंत्री, प्रिश्टिना
संस्कृती मंत्री, बेलग्रेड
जागतिक वारसा समिती, युनेस्को, पॅरिस
आणि कोसोवोच्या वाटाघाटींत मध्यस्थ असलेला युरोपीय संघ, ब्रुसेल्स

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मी महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झालेली निरीक्षक. २००२-०३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कोसोवो मोहिमेत प्रतिनियुक्तीवर होते आणि त्यातले बरेच महिने माझी नेमणूक मेतोहियात, ओराहोवात्सच्या भागात होती. तिथून पाच-सहा किलोमीटरवर वेलिका होचा नावाचं सर्ब खेडं आहे. हे पत्र त्या खेड्याबद्दल आहे. कोसोवो हा सर्बियाचा प्रांत होता. १९९८-९९ मध्ये तिथे सर्ब सत्ता आणि अल्बेनियन बंडखोर यांच्यात युद्ध झालं. २००८ मध्ये अल्बेनियन बहुसंख्य कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बिया ते मानत नाही. म्हणून हे पत्र प्रिश्टिना आणि बेलग्रेड अशा दोन्ही राजधान्यांना आहे. भारताने कोसोवोला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे मी कोणत्याही सरकारच्या वतीने लिहीत नाही हे आधीच सांगते. ज्या रस्त्यावर मी गस्त घातली, ज्या घरांत भाकरी खाल्ली, त्या गावाच्या वतीनेही लिहिण्याचा अधिकार मला नाही. मी साक्षीदार म्हणून लिहिते आहे. आणि मराठीत लिहिते, कारण आमच्यातले बरेच जण त्या मोहिमेत जाऊन आले, परत येऊन दोन-चार फोटो दाखवले आणि गप्प झाले. त्यांच्याही कानावर हे पडावं.

पत्राला निमित्त झालं ते एका फोनचं. फेब्रुवारीत, संत त्रिफुनच्या, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या संताच्या सणाला दोन दिवस असताना, सर्बियातल्या क्रागुयेवात्सहून एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणते, पण आता तोही चाळिशीकडे झुकला आहे. मी पाहिला तेव्हा शाळेत होता. त्याची आजी गेली. होचातल्या स्मशानाकडच्या एका लहान देवळाची किल्ली तिच्याकडे असायची. घराला कुलूप लागलं, सामान बांधून झालं, आणि दाराआडच्या खिळ्यावर किल्ली तशीच राहिली. त्याने मला विचारलं, "ही कोणाकडे देऊ?" पाद्रीबाबांकडे एक किल्ली आहे, पण त्यांच्या गळ्यात आधीच गावभरच्या किल्ल्या आहेत. शेजारीण चौऱ्याहत्तर वर्षांची. तिच्या पलीकडची तीन घरं बंद. मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देता आलं पाहिजे, म्हणून हे पत्र.

मराठी वाचकांसाठी आधी गावाबद्दल थोडं. 'वेलिका' म्हणजे मोठी. जवळच माला होचा, म्हणजे धाकटी होचाही आहे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात ना, तसंच. मेतोहिया या नावाचा अर्थ मठांच्या जमिनींचा मुलूख, म्हणजे आपल्या भाषेत देवस्थान इनामाचा प्रदेश. बाराव्या शतकाच्या शेवटी, ११९८-९९ च्या सुमारास, राज्यत्याग करून संन्यासी झालेला सर्ब राजा स्तेफान नेमान्या याने ग्रीसमधल्या आथोस पर्वतावर हिलांदार मठ वसवला आणि मठाच्या खर्चासाठी गावं लावून दिली. त्या दानपत्रात होचाचं नाव आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या नव्वद वर्षं आधी या गावाच्या नावाने कागद झालेला होता. आमच्या निफाड तालुक्यात एखाद्या गावाकडे इतका जुना दस्त निघाला असता तर वेशीत कमान उभी राहिली असती.

या एका खेड्यात तेरा देवळं मोजतात. काही उभी आहेत, काहींचं नुसतं जोतं उरलं आहे. संत निकोला, संत योवान, संत स्तेफान, संत लुका ही नावं गावातलं पोरही घडाघडा सांगतं. आतली भित्तिचित्रं मध्ययुगातली. मी कला शिकलेली नाही, पण मेणबत्त्यांच्या काजळीतून एखाद्या संताचा चेहरा हळूहळू डोळ्यांना दिसू लागतो तो क्षण मी अनुभवला आहे. गावाच्या मध्यभागी देचानी मठाचं वाइनघर आहे, लाकडी-दगडी, आत माणूस उभा राहील एवढे ओकचे पिंप. गावात एक दंतकथा सांगतात: चौदाव्या शतकातल्या सर्ब सम्राट दुशानच्या काळी इथून प्रिझ्रेनच्या राजवाड्यापर्यंत मातीच्या नळांतून वाइन वाहत जायची. प्रिझ्रेन सुमारे पंचवीस किलोमीटर. दंतकथा ती दंतकथा, पण कोणत्या गावाला कशाचा अभिमान आहे हे तीच सांगते.

द्राक्षांनीच मला या गावाशी बांधलं. मी मांडवाखाली वाढलेली. खरड छाटणी आणि गोडी छाटणी, डिपिंग, थिनिंग, कडाक्याच्या थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागणारे वडील, हे सगळं अंगात मुरलेलं. पहिल्या हिवाळ्यात आमची ती लाल-पांढरी गाडी (तिकडचे लोक तिला 'कोका-कोला' म्हणत) घेऊन मी होचात शिरले आणि बर्फातून वर आलेले काळे, वाकडे, उघडे वेल दिसले. परक्या देशात, परक्या भाषेत, पहिल्यांदाच मला काहीतरी वाचता आलं. कोणता वेल जुना, कोणाची छाटणी चुकली, कोणती ओळ कित्येक वर्षं कोणी हातात घेतलेली नाही, सगळं.

ती शेवटची ओळ महत्त्वाची होती. त्या ओळीचा मालक जुलै १९९८ मध्ये अल्बेनियन बंडखोरांनी ओराहोवात्सहून पळवून नेलेल्या सर्बांपैकी होता.

त्या काळात गावातून बाहेर पडायचं म्हणजे लष्करी ताफा लागे. दवाखान्यात जायचं, उत्तरेतल्या मित्रोवित्सा शहरात कॉलेजात जायचं, पेन्शन आणायची, तरी ठरलेल्या दिवशी बस, बसच्या पुढेमागे चिलखती गाड्या. मी त्या बंदोबस्तात किती वेळा गेले त्याचा हिशेब नाही. एकदा एक बाई मांडीवर द्राक्षांची पेटी घेऊन बसली होती, मुलीला भेटायला निघाली होती. तीन तास पेटी खाली ठेवली नाही. मी म्हटलं, ठेवा खाली. तर म्हणाली, "दगड आला तर काच द्राक्षांत पडेल."

एकाच बाजूचं सांगितलं तर माझी साक्ष खोटी ठरेल. होचापासून काही किलोमीटरवर वेलिका क्रुशा आणि माला क्रुशा ही अल्बेनियन गावं आहेत. मार्च १९९९ मध्ये सर्ब पोलीस आणि सशस्त्र दलांनी तिथल्या शंभराहून अधिक पुरुषांना आणि मुलांना मारलं, अनेकांना कोठारात कोंडून जाळलं. हेगच्या न्यायालयात त्याची सुनावणी झाली आहे. तिथल्या विधवा स्वतः ट्रॅक्टर चालवायला शिकल्या आणि मिरच्यांची लोणची-चटण्या करून त्यांनी घरं उभी केली. मी त्यांच्याही अंगणात बसले आहे. आणि होचाजवळच झोचिश्तेचा मठ आहे, कोझ्मा आणि दाम्यान या दोन वैद्य संतांचा. हे दोघे औषधाचे पैसे घेत नसत, म्हणून आजारी माणसं घेऊन सर्बांसारखेच अल्बेनियन मुसलमानही तिथे जात, आपल्याकडे दर्ग्यात सगळे जातात तसे. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये, युद्ध संपून तीन महिने झाल्यावर, तो मठ सुरुंगाने उडवला. मी पाहिला तेव्हा दगडांचा ढीग होता आणि ढिगाऱ्यावर कोणीतरी मेणबत्ती लावून गेलं होतं. २००४ मध्ये भिक्षू परत आले आणि त्यांनी देऊळ पुन्हा बांधलं. ओराहोवात्सच्या जुन्या अल्बेनियन घरांत अजून एक स्लाव बोली बोलतात. अशा मुलखात कोणाचा वारसा कुठे संपतो याची रेघ ओढणं किती अवघड आहे हे मला कळतं. पण रेघ ओढता येत नाही म्हणून राखणच करायची नाही, असा अर्थ तुम्ही चौघांनी काढला आहे. माझी तक्रार तीच आहे.

आता एकेक घेते.

पहिली गोष्ट प्रिश्टिनाला. २०१२ मध्ये तुमच्या विधानसभेने वेलिका होचा या गावासाठी स्वतंत्र कायदा केला, त्याच सुमारास प्रिझ्रेनच्या ऐतिहासिक केंद्रासाठीही केला. एका खेड्यासाठी स्वतंत्र कायदा, असं जगात फार ठिकाणी झालेलं नाही. मला त्या बातमीने खरंच आनंद झाला होता. गावाच्या रक्षणाबरोबर शेती आणि गावाचा विकास कसा करायचा हे त्यात आहे, गावाची परिषद आहे, बांधकामावर देखरेख आहे. पुढे काय झालं? या दोन कायद्यांची अंमलबजावणी अपुरी असल्याची नोंद युरोपीय आयोगाच्या अहवालांतही येते. मी तेहतीस वर्षं कायद्याची कलमं लावण्यात घालवली आहेत. कलम लिहिणं सोपं असतं. परवानगीशिवाय पाया खणला जातो त्या सकाळी तिथे जाऊन काम थांबवणारा माणूस कोण, त्याचं नाव काय, त्याला अधिकार कोणी दिला, हे ठरलेलं नसेल तर तो कायदा म्हणजे भिंतीवर लावलेलं कॅलेंडर.

२०१९ मध्ये मी स्वखर्चाने पुन्हा गेले. आजीच्या गल्लीतलं एक जुनं घर, ज्याच्या सज्जाखाली मी पावसात उभी राहिले होते, त्याचा सज्जा कलला होता आणि खालच्या तुळईला पाणी लागत होतं. सुतार आणि चार कौलं एवढ्याने वाचलं असतं. मी एका संबंधित कार्यालयाला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं की अर्ज मालकाने करावा. मालक परदेशात. दुसऱ्या कार्यालयाने लिहिलं की हा विषय त्यांच्याकडे नाही. त्यानंतर पत्रव्यवहार थांबला. आजीच्या नातवाने या फोनवर सांगितलं की सज्जा पडला. गावातली कोरीव दारांची, उंच भिंतींची घरं देवळांइतकीच या गावाची ओळख आहेत, आणि देवळासाठी निदान मठ तरी भांडतो. घरासाठी कोणी नाही.

दुसरी गोष्ट, तीही प्रिश्टिनाला, एक पोलीस म्हणून. देचानी सोडलं तर कोसोवोतल्या सर्ब धर्मस्थळांचा कायम पहारा नाटोच्या दलाकडून स्थानिक पोलिसांकडे आला आहे. यात गैर काही नाही. उलट स्थानिक पोलिसानेच राखण करावी, परक्या सैनिकाने कायम कशाला? तुमच्या पोलिसांतले कितीतरी मुलगे-मुली आमच्याबरोबर शिकले आहेत, त्यांच्याबद्दल मला आस्था आहे. पण गुन्हा कसा नोंदवला जातो यावर सगळं ठरतं. देवळाच्या दानपेटीची चोरी ही नुसती चोरी नसते. सर्ब नाव खरवडलेली पाटी ही नुसती मालमत्तेची नासधूस नसते. बागेतले कापलेले वेल हे शेजाऱ्याचं भांडण असेलही, पण प्रत्येक वेळी पंचनाम्याआधीच तसं ठरवून टाकू नका. १७ आणि १८ मार्च २००४ च्या दंगली मी नाशिकमध्ये बसून टीव्हीवर पाहिल्या. एकोणीस माणसं मेली, अल्बेनियन जास्त, सर्ब कमी. तीसच्या वर देवळं-मठ जळाले किंवा मोडले. प्रिझ्रेनचं बोगोरोदित्सा ल्येविश्का हे मध्ययुगीन देऊळ, ज्याच्या दारात मी पर्यटकासारखी मान वर करून उभी राहिले होते, आतून काळं झालेलं दिसलं. होचा त्या वेळी वाचलं. पण दंगल एका दिवसात उभी राहत नाही. आधी वर्षभर किरकोळ म्हणून बाजूला ठेवलेल्या तक्रारींचा गठ्ठा तयार होत असतो. हे मला मालेगावने शिकवलं आहे.

तिसरी गोष्ट युनेस्कोला. तुमच्या जागतिक वारसा यादीत 'कोसोवोतील मध्ययुगीन स्मारके' या नावाखाली चार स्थळं आहेत: देचानी २००४ पासून, आणि २००६ पासून पेचचा मठ, ग्राचानित्साचा मठ आणि ती ल्येविश्का. २००६ पासूनच ती धोक्यातल्या वारशाच्या यादीतही आहेत. होचाची देवळं या चारांत नाहीत. बरं, जी आहेत त्यांच्या स्थितीवरची चर्चासुद्धा तुमच्या समितीच्या बैठकांत वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते. न्यायालयात तारखेवर तारीख पडते तेव्हा निदान आरोपी आणि फिर्यादी दोघं समोर उभे असतात. इथे भिंतीवर ओल चढते आहे आणि ती तारीख पाळत नाही. राजकारण मला समजतं. यादीत नाव सर्बियाचं, जमिनीवर सत्ता प्रिश्टिनाची, २०१५ मध्ये कोसोवोचा सदस्यत्वाचा अर्ज तीन मतांनी हुकला. पण भित्तिचित्रातली आर्द्रता मोजायला, छताचा आराखडा काढायला, गावातल्या दोन तरुणांना चुन्याचं काम शिकवायला कोणाचं सार्वभौमत्व मान्य करावं लागत नाही. २००४ नंतर जळालेली देवळं दुरुस्त करण्यासाठी युरोप परिषदेच्या पुढाकाराने आयोग नेमला गेला होता आणि त्यात प्रिश्टिना, बेलग्रेड, चर्च सगळे एका टेबलाशी बसले होते. म्हणजे हे जमतं.

चौथी गोष्ट बेलग्रेडला, आणि ही लिहिताना मला जास्त वाईट वाटतं, कारण होचातली माणसं तुमच्याकडे आशेने बघतात. तुमच्या प्रत्येक निवडणुकीत कोसोवो असतं. प्रदर्शनांत देवळांचे फोटो असतात. त्या फोटोंत मी माणसं शोधते. छाटणी करणारा, पिंप धुणारी, घंटा वाजवणारा मुलगा. गावातली शाळा, गावातली परिचारिका, गावाच्या वाइनला मिळणारा भाव, क्रागुयेवात्सला गेलेल्या मुलाने परत यायचं ठरवलं तर त्याला पहिली दोन वर्षं लागणारा आधार, हा सगळा वारशाचाच खर्च आहे. तो संस्कृती खात्यात धरा, दुसरीकडे ढकलू नका. आणि सर्ब सैन्य-पोलिसांनी क्रुशात काय केलं हे तुमच्या पाठ्यपुस्तकांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं, तर होचातल्या लोकांना शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवणं सोपं जाईल. शेजार त्यांना करायचा आहे, तुम्हाला नाही.

पाचवी गोष्ट पैशाची आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून कोसोवोच्या मध्यवर्ती बँकेने रोखीच्या व्यवहारात फक्त युरोच चालेल असं केलं. प्रत्येक देश आपलं चलन ठरवतो, मान्य. पण सर्ब वृद्धांची पेन्शन सर्बियाच्या दिनारमध्ये येते. ती गावात मिळणं बंद झालं तर सत्तर-पंचाहत्तरच्या माणसाने काय करायचं? आजीचा नातू सांगत होता, शेवटचं वर्षभर तिच्या पेन्शनसाठी कोणीतरी गाडी करून जायचं. हे कागदावर वारशाच्या खात्यात येत नाही. पण किल्ली जिच्याकडे होती ती म्हातारी गावात राहणार की मुलाकडे जाणार, हे त्या पेन्शनवर ठरत होतं.

आणि एक गोष्ट चौघांनाही. होचामध्ये बेपत्ता आणि मारल्या गेलेल्या लोकांच्या नावांचं स्मारक आहे. सगळ्या कोसोवोत अजून सुमारे सोळाशे माणसांचा पत्ता नाही, बहुतेक अल्बेनियन, बरेच सर्ब, रोमा लोकही. मे २०२३ मध्ये ब्रुसेल्सला बेपत्तांविषयीचं घोषणापत्र मान्य झालं. सव्वीस वर्षं एखाद्या घरात एक ताट मांडायचं की नाही हे ठरत नसेल, तर त्या घराच्या भिंतीला रंग देण्याची इच्छा कुठून येणार?

त्या आजीबद्दल अजून थोडं सांगते, म्हणजे मी काय मागते ते नीट कळेल. सर्ब भाषेत आजीला 'बाबा' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून कोणी पुरुष आहे का ते पाहिलं होतं. ती मला 'सिने' म्हणायची, म्हणजे 'मुला'. तिकडे मायेने मुलीलाही तेच म्हणतात. साबणाला सापुन, साखरेला शेचेर, चहाला चाय, शत्रूला दुश्मान. तिच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघींनी दोन्हीकडे सारखे ऐकू येणारे शब्द वेचले होते. तिची किल्ली वीतभर, काळी, दांड्याला सुतळी गुंडाळलेली, कारण हिवाळ्यात लोखंड हाताला चिकटे. रोज संध्याकाळी ती देवळात जाई. पूजा पाद्रीबाबांची, तिची नव्हे. ती छपरातून पाणी आलं का पाही, उंबऱ्याशी उंदराच्या लेंड्या आहेत का पाही, खिडकीची फट कापडाने बुजवी, तेलाच्या दिव्याची वात पुढे ओढी. उन्हाळ्यात दार तासभर उघडं ठेवी, ओल जावी म्हणून. पावसात कधी उघडत नसे. हे तिला कोणी शिकवलं? सासूने. सासूला तिच्या सासूने. कोणत्याही संवर्धन-अहवालात पहिल्या पानावर हेच लिहिलेलं असतं: हवा खेळू द्या, पाणी अडवा, रोज पाहा.

१४ फेब्रुवारीला त्रिफुन. गावचे लोक बागेत जातात, पाद्रीबाबा आशीर्वाद देतात, पहिले वेल छाटतात आणि कापलेल्या जागी, मुळाशी, मागच्या वर्षीची वाइन ओततात. २००३ च्या त्रिफुनला मी ड्युटीवर होते, बंदोबस्तावर. आजीच्या घरच्या वेलाशी तिने माझ्या हातात कात्री दिली. मी आमच्या पद्धतीने दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, राखून कापलं. तिने बोटाने तीन दाखवले, थंडीत एक मरतो म्हणून. तो जादा डोळा थंडीसाठी ठेवायचा, हे आमच्या गावात कोणाला ठाऊक नाही, कारण आमच्याकडे तशी थंडी नाही. हे ज्ञान तिथल्या मातीचं आहे. प्रोकुपात्स आणि व्रानात्स या द्राक्षजातींच्या त्या जुन्या ओळी विकून कोणी वखार बांधली तर तेरा देवळं उभी राहूनही गाव राहणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

२०१२ च्या कायद्याप्रमाणे गावाच्या परिषदेला स्वतःचं अंदाजपत्रक द्या आणि संरक्षित हद्दीतलं बेकायदा काम त्याच दिवशी थांबवण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी नेमा. त्याचं नाव गावात पाटीवर लावा, दोन्ही भाषांत.

मालक बाहेर असलेल्या जुन्या घरांसाठी, मालकी हक्काला धक्का न लावता तातडीची दुरुस्ती करता येईल अशी तरतूद करा. कौलं, पन्हाळी, टेकू. एवढंच. सज्जा पडल्यावर नाही, कलल्यावर.

देवळांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांना वारसा-राखणदार म्हणून मानधन द्या. प्रत्येक देवळामागे एक जुनं माणूस आणि एक तरुण, दोघांना मिळून. प्रिश्टिना आणि बेलग्रेडने अर्धं अर्धं द्यावं आणि ब्रुसेल्सने हिशेब ठेवावा, म्हणजे कोणी कोणाला मान्यता दिली असा अर्थ निघणार नाही.

२०२३ च्या ब्रुसेल्स-ओह्रिड कराराच्या सातव्या कलमात सर्ब धार्मिक आणि सांस्कृतिक स्थळांना भक्कम संरक्षण देण्याचं वचन आहे. युरोपीय संघाने त्याचं वेळापत्रक जाहीर करावं. देचानी मठाच्या चोवीस हेक्टर जमिनीचा निकाल कोसोवोच्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये मठाच्या बाजूने दिला आणि नोंद झाली २०२४ मध्ये. तसली आठ वर्षं होचाकडे नाहीत.

युनेस्कोने होचाच्या देवळांची आणि घरांची, राजकीय शिक्का न मारता, तांत्रिक पाहणी करावी. द्राक्षमळ्यांचीही करावी.

वृद्धांची पेन्शन गावात पोहोचेल अशी व्यवस्था दोन्ही सरकारांनी मिळून करावी. कोणत्या चलनात, ते तुम्ही बसून ठरवा.

नातवाला मी शेवटी सांगितलं की किल्ली सध्या त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या शेजारणीकडे दे, आणि तिला सांग की पावसात दार उघडायचं नाही. तो म्हणाला, तिला माहीत आहे, ती आजीबरोबर जायची. पण तिचे गुडघे दुखतात आणि देवळाकडची वाट चढाची आहे. पुढच्या त्रिफुनपर्यंत तिने जमवते म्हटलं आहे.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नये. ते वेलिका होचाच्या गाव परिषदेला पाठवावं, सर्ब भाषेत, सहीनिशी आणि तारखेसह, पुढच्या १४ फेब्रुवारीच्या आत.

आपली,
एक निवृत्त पोलीस निरीक्षक
निफाड तालुका, जि. नाशिक